डॉक्टरचं नाव भाड्यानं घेऊ नका, सिस्टर

पत्राचा सारांश: सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरी भागातल्या एका वाचक भगिनीचं हे पत्र आहे. वय ५१, शिक्षण जीएनएम (नर्सिंगची पदविका). २४ वर्षं सरकारी रुग्णालयात नोकरी केली आणि सासूबाई अंथरुणाला खिळल्यावर स्वेच्छानिवृत्ती घेऊन त्या गावी आल्या. प्राथमिक आरोग्य केंद्र लांब, एसटी दिवसातून दोनदा. ‘सिस्टर गावात आल्यात’ हे कळल्यावर लोक दारात येऊ लागले. आधी बीपी बघायला, मग ड्रेसिंगला, आता ताप, कंबरदुखी, जुलाब, सगळ्यालाच. कधी गोळ्या द्याव्या लागतात, कधी सुई, कधी सलाईन. आता पडवी बंदिस्त करून रीतसर दवाखाना काढावा असं त्यांच्या मनात आहे. तालुक्यातले एक डॉक्टर दरमहा ठरावीक रक्कम घेऊन बोर्डावर आपलं नाव लावू द्यायला तयार आहेत. बाजारपेठेतल्या दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र ‘बोगस प्रॅक्टिस’ म्हणून तक्रार करण्याची धमकी दिली आहे. अमेरिकेत गेलेली त्यांची बॅचमेट स्वतःचं क्लिनिक चालवते. त्या विचारतात, “रात्रपाळीला डॉक्टर येईपर्यंत सगळं मीच सांभाळायचे, तेव्हा माझी पात्रता कुणी काढली नाही. मग आता गावासाठी तेच केलं तर काय चुकलं? डॉक्टरांचं नाव घेऊ का?”

प्रिय सिस्टर,

तुमचा राग खरा आहे. तो शांत करायला मी हे उत्तर लिहीत नाही. रात्री दोन वाजता ग्रामीण रुग्णालयात झटके येणारी बाळंतीण येते, तेव्हा तिला कुशीवर वळवणं, शीर शोधणं, मॅग्नेशियमची सुई भरून ठेवणं हे सगळं सिस्टरच करते. त्याच सिस्टरला दुसऱ्या दिवशी ‘तुम्हाला काय कळतं’ असं ऐकावं लागतं. आपल्या आरोग्यव्यवस्थेने परिचारिकेचं कौशल्य अडीअडचणीला वापरून घेतलं आणि मान द्यायची वेळ आली की तिला मागे उभं केलं. मी स्वतः परिचारिका असल्याने हे मला कुणी समजावून सांगायला नको.

पण तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सरळच देते. नाव घेऊ नका. दरमहा पैसे देऊन बोर्डावर लावलेलं डॉक्टरांचं नाव तुमचं संरक्षण करणार नाही. ते डॉक्टर तिथे बसणार नाहीत, रुग्ण पाहणार नाहीत. फार तर सही केलेलं कोरं लेटरहेड देऊन ठेवतील. ज्या दिवशी एखाद्या रुग्णाला सुईची रिअॅक्शन येईल, त्या दिवशी ते म्हणतील, मी हे औषध लिहिलंच नव्हतं. ते खरंही असेल. सुई तुमच्या हातची, घर तुमचं आणि नर्सिंग कौन्सिलची नोंदणीही तुमचीच पणाला लागेल.

‘माझा हेतू चांगला होता’ हा बचाव न्यायालयात किती टिकतो हे पाहायचं असेल, तर १९९६ चा पूनम वर्मा खटला आठवा. होमिओपॅथीची नोंदणी असलेल्या डॉक्टरने तापाच्या रुग्णाला अॅलोपॅथीची औषधं दिली आणि रुग्ण दगावला. ज्या शास्त्राची पात्रता नाही त्यात उपचार करणं हाच निष्काळजीपणा, वेगळा पुरावा नको, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितलं. महाराष्ट्रात १९६१ चा वैद्यक व्यावसायिक कायदा आहे, देशपातळीवर २०१९ चा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा आहे. दोन्हींत नोंदणीशिवाय वैद्यकीचा व्यवसाय करणाऱ्याला शिक्षा आहे. बाजारपेठेतल्या डॉक्टरांनी वापरलेला शब्द कडू असला, तरी त्यांच्या तक्रारीला कायद्याचा आधार मिळू शकतो. याची जाणीव ठेवूनच पुढचं पाऊल टाका.

आता तुमच्या बॅचमेटबद्दल. तिकडे नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे स्वतः रुग्ण तपासून औषध लिहिणारी परिचारिका, ही गोष्ट १९६५ मध्ये कोलोराडो विद्यापीठात सुरू झाली. लोरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ, दोघांनी मिळून तो अभ्यासक्रम उभा केला. त्यानंतर अनेक वर्षं भांडून परिचारिकांनी एकेका राज्यात कायदे बदलून घेतले. आजही काही राज्यांत त्यांना डॉक्टरांशी लेखी करार केल्याशिवाय काम करता येत नाही. तुमची मैत्रीण क्लिनिक चालवते ते जीएनएमच्या जोरावर नव्हे. तिने पुढचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं असणार, वेगळा परवाना मिळवला असणार. तिचं कौतुक जरूर करा, पण ती ज्या कायद्याच्या छपराखाली उभी आहे ते आपल्याकडे अजून पुरतं बांधलेलं नाही. २०१९ च्या कायद्याच्या ३२ व्या कलमात ‘सामुदायिक आरोग्य प्रदाता’ म्हणून प्राथमिक उपचारांपुरता मर्यादित परवाना देण्याची तरतूद आहे. पण नुसत्या तरतुदीने परवाना मिळत नाही आणि तुमच्याकडे तो परवाना नाही.

तरी एवढ्याने तुमचा विचार मोडीत निघतो असं मला वाटत नाही. उलट, तुम्ही काढू पाहताय त्यापेक्षा चांगली गोष्ट तुमच्या हातात आहे. मला तुमच्या पत्रातलं एक गृहीतकच खटकतंय. परिचारिकेने चालवलेली सेवा म्हणजे डॉक्टर नसलेला दवाखाना, असं तुम्ही धरून चालला आहात. पडवीत टेबल, भिंतीला सलाईनचा स्टँड, कपाटात गोळ्या, बाकावर रांग. हे चित्र बाजारपेठेतल्या दवाखान्याचंच आहे. फक्त खुर्चीत तुम्ही बसलेल्या असाल.

तुमच्या गावात खरोखर काय कमी आहे ते पाहा. कंबरदुखीवर डायक्लोफेनॅक आणि डेक्साची (स्टिरॉइडची) सुई तर बाजारपेठेत रोज मिळते, आणि तिने बीपी-शुगर वाढलेल्या म्हाताऱ्यांचं नुकसानही रोज होतं. कमी आहे ते वेगळंच. बीपीची गोळी सुरू होऊन तीन महिन्यांनी कुणालाही न विचारता ती बंद केलेली माणसं. शहरातून डिस्चार्ज घेऊन आल्यावर लघवीची नळी महिनोन्महिने न बदललेले आजोबा. पाठीला बेडसोअर झालेल्या आणि सुनेला कुशीवर कसं वळवायचं हे कुणी न दाखवलेल्या आजी. हिमोग्लोबिन सात असूनही ‘थकवा येतोच गं’ म्हणत भातलावणी करणारी पोटुशी. डॉक्टरची ओपीडी जे आले त्यांना तपासते. जे आले नाहीत त्यांची यादी ठेवून त्यांच्या दारात जाणं, हे परिचारिकेचं काम आहे. ते डॉक्टरचं हलकं काम म्हणून खाली आलेलं नाही. ते मुळातच आपलं आहे आणि त्यासाठी डॉक्टरचं नाव भाड्याने घ्यावं लागत नाही.

हे भाबडेपणाने म्हणत नाही. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ मध्ये पाच राज्यांत सुरू झाला, त्यात महाराष्ट्र होता. त्यात महागडं यंत्र किंवा नवीन औषध काहीच नव्हतं. कोणत्या आकड्याला कोणती गोळी याचा एकच ठरलेला तक्ता, घराजवळच्या केंद्रात महिन्याची औषधं, प्रत्येक रुग्णाचं कार्ड आणि न आलेल्यांचा पाठपुरावा, एवढंच. नंतरच्या भेटींचं बरंचसं काम परिचारिका आणि आरोग्य कर्मचाऱ्यांनी सांभाळलं. राजस्थानात उदयपूरच्या आदिवासी भागात ‘अमृत क्लिनिक’ नावाची केंद्रं गेली दहाहून अधिक वर्षं परिचारिका चालवतात. त्या तिथे राहतात, ठरलेल्या उपचारपद्धतीप्रमाणे काम करतात. डॉक्टर ठरलेल्या दिवशी येतात, एरवी फोनवर असतात. तिथले घरचे पुरुष कामासाठी गुजरातेत गेलेले. गावात बायका, मुलं, म्हातारी माणसं. तुमच्या भागातले पुरुष मुंबई-नवी मुंबईला माथाडी कामाला गेलेले, म्हणजे गावचं चित्र फार निराळं नाही. पण एक फरक लक्षात घ्या. त्या परिचारिका एकट्या नाहीत. मागे संस्था आहे, लेखी प्रोटोकॉल आहे, आणि डॉक्टर नावापुरता नसून रोजच्या कामात गुंतलेला आहे.

त्यामुळे तुम्हाला डॉक्टर हवाच आहे, पण दुसऱ्या प्रकारचा. पैसे नावाचे देऊ नका, तपासण्याचे द्या. २५ मार्च २०२० ला केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात परिचारिका रुग्णाजवळ बसून डॉक्टरांशी संपर्क करून देऊ शकते असं स्पष्ट आहे. तुम्ही नाडी, बीपी, ताप, ऑक्सिजन, शुगर सांगायची, डॉक्टरांनी रुग्णाशी बोलून निर्णय घ्यायचा आणि स्वतःच्या नोंदणी क्रमांकासह प्रिस्क्रिप्शन पाठवायचं. तालुक्यातल्या एखाद्या एमबीबीएस डॉक्टरांशी असं ठरवा. मानधन रुग्णामागे असावं. सरकारी ‘ई-संजीवनी’वर रुग्णाच्या स्वतःच्या मोबाइलवरूनही डॉक्टरांशी बोलता येतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. नेट रखडतं, हे मला माहीत आहे. गावात रेंज कुठे धरते ते शोधून तिथेच खुर्ची टाका.

मग सुई द्यायचीच नाही का? द्या, पण डॉक्टरांनी ज्या रुग्णासाठी लिहिली त्याच रुग्णाला, चिठ्ठीची प्रत तुमच्याकडे ठेवून. अँटिबायोटिकचा शिरेतला पहिला डोस घरी देऊ नका, तो रुग्णालयातच होऊ दे. अॅनाफिलॅक्सिससाठी, म्हणजे औषधाच्या अचानक येणाऱ्या जीवघेण्या अॅलर्जीसाठी, अॅड्रेनलिनचं काय करायचं, याची लेखी स्टँडिंग ऑर्डर (आधीच देऊन ठेवलेली सूचना) तुमच्या डॉक्टरांकडून सहीनिशी घ्या. गोळ्या साठवून विकू नका, त्याला औषध परवाना लागतो. चिठ्ठीवर मेडिकलमधून आणायला सांगा. आणि घरात खाट टाकून सलाईनवर रुग्ण ठेवणं आजपासून बंद करा. रुग्ण ठेवायला लागलात की १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याचा प्रश्न उभा राहतो. शिवाय ज्या माणसाला तोंडाने पाणी पिता येतंय त्याला ओआरएस पुरतं, आणि ज्याला पिताही येत नाही त्याची जागा तुमच्या पडवीत नाही, १०८ मध्ये आहे. बाळंतपणही घरी नको, कितीही ओळखीची लेक असली तरी.

इथे गाव रुसेल. ‘सुई दिली नाही तर सिस्टरकडे जायचं कशाला?’ हे तुम्हाला ऐकावं लागणार. आपल्या लोकांना सुईचे पैसे द्यायची सवय आहे, सल्ल्याचे नाही. माझ्या मते तुमच्या सेवेपुढची सगळ्यात मोठी अडचण कायद्यापेक्षा ही आहे. यावर मला एकच खात्रीची वाट दिसते: ज्या कामाची लोकांना स्वतःला गरज वाटते, त्यापासून सुरुवात करा. ते काम म्हणजे घरी जाऊन केलेली परिचर्या.

मुंबई-पुण्यात असलेल्या मुलांचे आईवडील गावी एकटे असतात. त्या मुलांना आठवड्यातून एकदा कुणीतरी जाणकार माणूस आईला बघून येतंय, गोळ्या डबीत भरून देतंय, बीपी-शुगर लिहून फोनवर कळवतंय, याची किंमत नक्की कळते. अर्धांगवायूचे रुग्ण, नाकातल्या नळीने खाणारे, मधुमेहाची पायाची जखम, कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातली माणसं. सासूबाईंचं तुम्ही हेच करताय. त्यातलं कष्टाचं प्रमाण तुम्हाला कुणी सांगायला नको. अशा घरांकडून महिन्याची रक्कम ठरवून घ्या. किती घ्यायची ते ठरवताना पेट्रोल, हातमोजे, गॉज, कॅथेटर आणि तुमचा जाण्यायेण्यासकट वेळ, सगळं मोजा. स्वतःचा वेळ फुकट धरायची आपल्याला नर्सिंगमध्ये वाईट सवय लागते. दर भिंतीवर लिहून ठेवा, म्हणजे नातेवाइकांशी घासाघीस होणार नाही. ज्यांना परवडत नाही त्यांच्याकडे जा, पण ते तुम्ही ठरवून करा, भिडेपोटी नको. पेन्शन येते, तेव्हा पहिलं वर्ष तुम्हाला ओढाताण न करता काढता येईल.

एक धोका आधीच सांगते. तुमचं नाव झालं की लॅबवाले आणि खासगी रुग्णालयवाले रुग्णामागे कट (कमिशन) देऊ करतील. गोड बोलून, दिवाळीच्या भेटीच्या नावाने. घेऊ नका. एकदा घेतला की रुग्णाला कुठे पाठवायचं हा निर्णय तुमचा राहत नाही.

आता सरकारी माणसांकडे या. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ), एएनएम (आरोग्यसेविका), आशा आहेत. २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली, आता त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तुमच्या भागात यातली पदं भरली आहेत का, सीएचओ आठवड्यातून किती दिवस हजर असतात, हे तुम्ही पत्रात काहीच लिहिलं नाही. तिथे आधी जा. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी-शुगर तपासणी हे त्यांचं ठरलेलं काम आहे आणि गोळ्या तिथे मोफत मिळतात. तुम्ही वेगळी यादी करण्यापेक्षा आशाताईंच्या यादीतली गळालेली माणसं मागून घ्या. दोन आठवड्यांवर खोकला असलेला माणूस दिसला तर बेडका तपासायला तिथेच पाठवा. कुत्रा चावला तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुऊन लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात, कारण रेबीजची लस तिथे असते. आशाला तुम्ही प्रतिस्पर्धी वाटलात तर सगळं अवघड होईल, कारण गावात तिच्या शब्दाला वजन आहे आणि तिचा काही मोबदला कामागणिक मिळतो. तुम्ही शोधलेल्या केसची नोंद तिच्या नावावर जाऊ दे.

याच ठिकाणी, हे सदर वाचणाऱ्या तरुण परिचारिकांनाही एक सांगायचं आहे. बीएस्सी नर्सिंग करून गावात काम करायची इच्छा असेल तर सीएचओची वाट आधी तपासा. सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, त्यानंतर उपकेंद्राची जबाबदारी. नोकरी कंत्राटी आहे, ऑनलाइन नोंदींचा ताप आहे, हे मान्य. पण ठरवून दिलेली औषधं देण्याचा अधिकार, डॉक्टरांशी जोडलेली व्यवस्था आणि पगार, तिन्ही एकत्र मिळतात. परिचारिकेच्या नेतृत्वाखालचं प्राथमिक केंद्र कायद्याच्या चौकटीत चालवण्याची आपल्याकडची आजची सगळ्यात मोठी संधी हीच आहे. बाळंतपणाच्या कामाची ओढ असेल तर २०१८ च्या मिडवायफरी मार्गदर्शक सूचनांतून नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरीचा १८ महिन्यांचा अभ्यासक्रम आला आहे, तो पाहा.

सिस्टर, तुमच्यासाठी कागदपत्रांचं थोडं. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण झालंय का ते आज कपाट उघडून बघा. निवृत्तीनंतर पुष्कळ जणींचं राहून जातं. सुया, ड्रेसिंग, नळ्या यांचा कचरा घंटागाडीत किंवा ओढ्याकाठी जाता कामा नये. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम खाटा नसलेल्या छोट्या सेवेलाही लागू आहेत. प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि कचरा उचलणाऱ्या केंद्राशी करार लागेल. गाडी तुमच्या वाडीपर्यंत येणार नाही; तालुक्यातलं एखादं रुग्णालय तुमच्या पिशव्या आणि सुयांचा डबा रीतसर स्वीकारेल का, हे करार करतानाच विचारून घ्या. आणि नोंदवही. तारीख, वेळ, काय आढळलं, कुणाला फोन केला, डॉक्टर काय म्हणाले, रुग्णाला काय सांगितलं. वॉर्डात जशी लिहायचात तशीच. कधी प्रश्न उभा राहिलाच तर तुमच्या बाजूने बोलणारी तीच वही असेल.

दवाखान्याची परवानगी, कायदेशीर करार यांवर सही करण्यापूर्वी साताऱ्यातल्या एखाद्या वकिलाला तासभर दाखवा. खर्च होईल, पण पडवीच्या बांधकामापेक्षा कमीच.

राहिले बाजारपेठेतले डॉक्टर. त्यांना टाळू नका, त्यांच्याकडे जा. सोबत एका कागदावर लिहून न्या: मी काय करते, काय करत नाही, कोणत्या डॉक्टरांच्या सल्ल्याने करते, कोणत्या लक्षणांना लगेच पुढे पाठवते. छातीत दुखणं, एका बाजूची ताकद जाणं, धाप, गरोदरपणात डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी, लहान मुलाचं निपचित पडणं, सर्पदंश. तीच प्रत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि ग्रामपंचायतीला द्या, पोच घ्या. त्यांचा विरोध एका भेटीत मावळेल असं नाही. पण ‘बोगस’ हा आरोप टिकायला काही तरी लपवलेलं असावं लागतं, आणि तुमचं सगळं उघड असेल.

तालुक्यातल्या दुसऱ्या डॉक्टरांना, ज्यांनी नाव देऊ केलं त्यांना, विचारून पाहा की नावाऐवजी आठवड्यातून दोन तास रुग्ण बघायला फोनवर बसाल का. हो म्हणाले तर तुमचा डॉक्टर मिळाला. नाही म्हणाले तर त्यांना काय विकायचं होतं ते कळलं.

पडवी जरूर बंदिस्त करा, हात धुवायला नळ आणि पडदा आधी लावा. बोर्डावर ‘दवाखाना’ किंवा ‘क्लिनिक’ लिहू नका, लाल क्रॉसही नको, त्याच्या वापरावर कायद्याने बंधन आहे. ‘परिचर्या सेवा’ एवढं मोठ्या अक्षरात, खाली तुमचं नाव, नोंदणीकृत परिचारिका, कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आणि घरभेटीच्या वेळा. नाव तुमचंच असू द्या.